मुलगी आत्महत्येवरची कादंबरी वाचते आहे. काढून घेऊ का?

लालबागहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. जुलैमध्ये त्यांच्याच इमारतीतल्या, वरच्या मजल्यावरच्या मुलाने आत्महत्या केली. दोघं बालवाडीपासून दहावीपर्यंत एकाच वर्गात होती. इमारतीत 'ताप मेंदूत गेला' असं सांगितलं गेलं आणि आईनेही मुलीला तेच सांगितलं. मुलीने काही विचारलं नाही, ती रडलीही नाही. कॉलेज, क्लास सगळं चालू आहे. गणपतीनंतर आईला तिच्या उशीखाली एक इंग्रजी कादंबरी सापडली. एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येनंतर त्याच्या मैत्रिणीचं आणि घरच्यांचं काय होतं, अशी तिची गोष्ट आहे. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. आईने पुस्तक मखराच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. मुलगी आठवडाभर ते शोधत होती, पण तिने कुणाला विचारलं नाही. सासूबाई म्हणतात, असलं अभद्र घरात नको. नवरा म्हणतो, पुस्तक वाचून कुणी मरत नाही. आई विचारते, 'पुस्तक परत द्यावं का? आणि याबद्दल तिच्याशी बोलले तर नसतं खूळ तिच्या डोक्यात शिरेल का?'

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो जास्त घाईचा आहे. विचारल्याने खूळ डोक्यात शिरत नाही. ही भीती बहुतेक आईबापांना असते. ती डॉक्टरांनाही होती, म्हणून तर ती तपासून पाहिली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त मुलांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, निम्म्यांना विचारलं नाही. ज्यांना विचारलं त्यांची घालमेल वाढली नाही, तसे विचारही वाढले नाहीत. जी आधीच खचलेली होती, त्यांना तर विचारल्यावर थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. तेव्हा विचारा, आणि याच आठवड्यात विचारा. 'सहामाही होऊन जाऊ दे' असं मनात येईल, पण थांबू नका.

कसं विचारायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी अडचण तिथेच आहे. आडून आडून विचारलं की मुलं आडूनच उत्तर देतात. 'तू ठीक आहेस ना?' याला 'हो' हे एकच उत्तर असतं. 'तू असला काही विचार नाही ना करत?' यात तर काय उत्तर हवंय तेही आपण सांगून टाकतो. त्यापेक्षा असं काहीतरी म्हणा: 'तो गेल्यापासून मला तुझी काळजी वाटते. तुला कधी असं वाटतं का, की जगूच नये? मरून जावंसं?' शब्द तोंडातून निघणार नाहीत असं वाटेल. आधी एकटीने दोनदा मोठ्याने म्हणून पाहा. उत्तर आलं की लगेच बोलू नका. विशेषतः 'माझी शपथ आहे तुला' हे टाळाच. शपथ घातली की मूल पुढच्या वेळी सांगत नाही, एवढाच तिचा उपयोग.

आणि हे घरात विचारू नका. तुमच्या पत्रावरून दिसतं की घर दीड खोलीचं, सासूबाई कॉटवर, टीव्ही चालू, नवरा साडेनऊला येणार. अशा घरात सोळा वर्षांच्या मुलीला रडायचं असेल तर नळ सोडून न्हाणीघरात रडावं लागतं. तिला शिवाजी पार्कला घेऊन जा, कट्ट्यावर बसा किंवा फेऱ्या मारा. शेजारी शेजारी चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हे अशा बोलण्याला फार बरं पडतं. तिथे संध्याकाळी इतकी गर्दी असते की कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं.

आता पुस्तक. तुम्ही नाव कळवलंत, म्हणून मी ते मिळवून वाचलं. नाव इथे छापत नाही, कारण लालबागेत कुणाच्या हातात ते आहे हे शेजाऱ्यांना चटकन ओळखू येईल. पुस्तकाने मुलांना काही होत नाही हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला सरसकट मान्य नाही. आपण वाचनप्रेमी माणसं पुस्तकांची बाजू घेताना जरा जास्तच उदार होतो. आत्महत्येची गोष्ट कशी सांगितली जाते याने फरक पडतो. हा काही सोवळ्याओवळ्याचा मुद्दा नाही. २०१७ साली 'थर्टीन रीझन्स व्हाय' या किशोरांसाठीच्या कादंबरीवरची मालिका नेटफ्लिक्सवर आली. ती आली त्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी जास्त होत्या, असं एका अभ्यासात दिसलं. दुसऱ्या अभ्यासकांनी पुढे तीच आकडेवारी तपासून या निष्कर्षावर शंका घेतली आणि तो वाद मिटलेला नाही. पण मालिकेतला आत्महत्येचा प्रत्यक्ष प्रसंग नेटफ्लिक्सने २०१९ च्या जुलैमध्ये काढून टाकला. अनेक तज्ज्ञांचा त्या प्रसंगावर सुरुवातीपासून आक्षेप होता.

याची दुसरी बाजू मात्र कमी लोकांना ठाऊक असते. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी तिथल्या वर्तमानपत्रांतल्या शेकडो बातम्या तपासल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. एखाद्याला मरावंसं वाटलं, पण तो त्यातून कसा बाहेर आला, असं सांगणाऱ्या लेखांनंतर आत्महत्या घटलेल्या दिसल्या. या परिणामाला त्यांनी पापागेनोचं नाव दिलं. मोत्सार्टच्या १७९१ च्या एका संगीतिकेतला हा पक्षी पकडणारा भोळा गडी जीव द्यायला निघतो. तेव्हा तीन लहान मुलं येऊन त्याला दुसरा एक उपाय आठवून देतात. मोठं माणूस कुणी येत नाही, मुलंच येतात, हे मला त्यात फार आवडतं.

म्हणजे विषय अभद्र म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. विषय गंभीर आहे म्हणून ते चांगलंही ठरत नाही. अशी कादंबरी मुलांच्या हाती दिसली की मी आधी हे बघते की गेलेला माणूस पुस्तकात जिंकतो का. काही पुस्तकांत मेलेलं पात्रच सगळ्यांवर राज्य करतं. ज्यांनी छळलं ते रडतात, ज्यांनी दुर्लक्ष केलं ते पस्तावतात आणि हे सगळं त्याला जणू वरून बघायला मिळतं. दुखावलेल्या पोराला या स्वप्नाची भूल पडू शकते, कारण त्यात मरण हे आपलं म्हणणं ऐकवायचं साधन होतं. खऱ्या आयुष्यात मेलेल्याला काही बघायला मिळत नाही. 'कसं' याचे तपशील असतील तर तेही मला नको असतात. आणि पुस्तकात मदतीला धावणारं मोठं माणूस एक तरी आहे का, की सगळे शिक्षक, डॉक्टर, आईबाप बिनकामाचेच दाखवलेत?

तुमच्या मुलीचं पुस्तक यातल्या बहुतेक कसोट्यांना उतरतं. तो मुलगा पहिल्याच पानावर गेलेला आहे आणि पुढे तो कुठेही बोलत नाही. कसं घडलं ते लेखिका सांगत नाही. शाळेतली एक समुपदेशक आहे, ती चुकते, पुन्हा येते, टिकून राहते. मला खटकलं ते शेवटाचं प्रकरण. तिथे लेखिकेला सगळं उलगडून दाखवायचा मोह आवरलेला नाही. एक माणूस, एक प्रसंग, आणि त्यामुळे हे घडलं. आत्महत्येला असं एकच कारण नसतं. कधी मन आधीपासून आजारी असतं, झोप गेलेली असते, घरात किंवा वर्गात काही चालू असतं, एखादं अपयश येतं, आणि नेमक्या त्या वाईट तासाला जवळ कुणी नसतं. यातलं काय किती, हे बहुतेकदा कुणालाच सांगता येत नाही. मुलीशी पुस्तकाबद्दल बोलाल तेव्हा हेच विचारा, 'शेवट तुला पटला का?' या वयाच्या मुलांना स्वतःबद्दल विचारलेलं आवडत नाही, पण मत विचारलेलं फार आवडतं.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त थांबवलं ते त्या पेन्सिलीच्या खुणांनी. तुम्ही घाबरून दोन ठिकाणचा मजकूर उतरवून पाठवलात. एकीत ती मैत्रीण सांगते की रात्री त्याचा मेसेज आला होता, तिने तो पाहिला, सकाळी उत्तर देऊ म्हणून फोन पालथा ठेवला. दुसरीत ती म्हणते की शाळेत सगळे त्याच्याबद्दल बोलतात, पण काय झालं ते कुणीच म्हणत नाही. तुम्ही या ओळी मुलीच्या मनात मरणाचे विचार आहेत याचा पुरावा म्हणून पाठवल्या आहेत. तसे विचार असतीलही, म्हणून तर आधी विचारा म्हटलं. पण मी त्या ओळी वाचते तेव्हा मला मेलेल्या मुलाच्या जागी स्वतःला बघणारी मुलगी दिसत नाही. मागे राहिलेल्या मैत्रिणीच्या जागी बसलेली मुलगी दिसते. एखादा मेसेज तिच्याही फोनवर आला होता का? आला असेल तर जुलैपासून ती तो एकटी सांभाळते आहे. मी चुकत असेन. पण विचारून बघा.

आणि मेसेज निघालाच, तर 'छे, तुझा काय दोष त्यात!' असं म्हणून विषय मिटवू नका. ते खरं आहे, पण इतक्या लवकर म्हटलं की तिला 'गप्प बस' असंच ऐकू येतं. आधी तिला मेसेज दाखवू दे किंवा तोंडाने सांगू दे. काय होता, किती वाजता आला, तिने काय केलं, सकाळी तिला कसं कळलं. सगळं. त्यानंतर सांगा की बारा वर्षांच्या ओळखीत रोज असे शंभर मेसेज आले आणि त्यातला हा शेवटचा ठरेल हे कुणालाही कळण्यासारखं नव्हतं. अपराधीपणा एका बैठकीत जात नाही. ती पुन्हा पुन्हा तेच सांगेल, पुन्हा पुन्हा ऐका.

दुसरी खूण मात्र तुमच्याबद्दल आहे, हे वाईट वाटेल तरी म्हणायला हवं. तापाची गोष्ट तिने कधी खरी मानली असेल असं मला वाटत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'ओम शांती' आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली असेल. मंडळाने यंदा डीजे लावला नाही, असं तुम्हीच लिहिलंय. त्याच वेळी शाळेच्या जुन्या ग्रुपवर मुलं काय झालं ते एकमेकांना सांगत असणार. तुम्ही ती गोष्ट तिला जपायला सांगितलीत, आणि त्या मुलाच्या घरच्यांची अब्रू जपायलाही, यात वाईट हेतू कुणाचाच नाही. पण परिणाम असा झाला की या घरात खरं बोलणारं एक पुस्तकच उरलं, आणि तेही माळ्यावर गेलं. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त महाराष्ट्रात. आज अकरावीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याला कुणाचं तरी नाव माहीत असतं.

तेव्हा खोकं खाली काढा. मुलगी क्लासला असताना दोन-तीन दिवसांत तुम्ही स्वतः वाचून घ्या, मग तिच्या हातात द्या. गुपचूप उशीखाली सरकवू नका. 'मी घेतलं होतं, घाबरले म्हणून. वाचलं. तो तापाने गेला नाही हे मलाही माहीत होतं, तुला खोटं सांगायला नको होतं.' एवढं पुरे. ती भडकेल, पुस्तक हिसकावून आत जाईल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल. आठवडाभर शोधूनही विचारलं नाही, त्यापेक्षा राग बरा.

आता ती 'हो, वाटतं मला असं' म्हणाली तर. आधी ऐका, आणि शक्य तितक्या शांत आवाजात पुढचं विचारा: कधी वाटतं, किती वेळा, काही ठरवलं आहे का. ठरवलं आहे असं म्हणाली, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकते आहे, निरोपासारखं बोलते आहे, अनेक दिवसांच्या उदासीनंतर एकाएकी शांत झाली आहे असं दिसलं, तर त्या रात्री तिला एकटी ठेवू नका. नवऱ्याला सांगा, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि तडक डॉक्टरकडे न्या. केईएम तुमच्यापासून चालत आहे. तातडीचं असेल तर ओपीडीची वाट न बघता थेट अपघात विभागात जा. तितकी घाई नसेल तर तिथल्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांतही ही सोय आहे. फोनवर बोलायचं तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवाही आहे, ९१५२९८७८२१. हे क्रमांक मुलीच्या फोनमध्ये टाकून द्या. आणि तुम्हीही फोन करा, 'मुलीशी कसं बोलू' एवढं विचारायलासुद्धा करता येतो.

पोलीस केस होईल या भीतीने अजूनही कितीतरी घरं दवाखाना टाळतात. मनातले विचार सांगणं हा गुन्हा कधीच नव्हता. आणि ज्याने प्रत्यक्ष प्रयत्न केला त्यालाही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शिक्षेतून बाहेर काढलं आहे. तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याच्या उपचारांची सोय सरकारने करायची, असं तो कायदा सांगतो.

कॉलेजमध्येही एकदा जाऊन या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवाच, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैत दिला आहे आणि तो खासगी क्लासेसनाही लागू आहे. 'आमच्याकडे तसं कुणी नाही' असं उत्तर मिळालं तर या आदेशाची आठवण करून द्या. आवाज चढवायची गरज नाही, लेखी अर्ज द्या.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट अजून. पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की वरच्या बाई जिन्यात भेटल्या की काय बोलावं कळत नाही, म्हणून तुम्ही त्यांचा दरवाजा वाजला की थांबता, त्या उतरून गेल्या की मग निघता. इमारतीतल्या सगळ्याच बायका असंच करत असतील. त्या बाईंना ते कळत नसेल? तेराव्यानंतर त्यांच्याकडे कोण गेलं? एखाद्या दुपारी वर जा. सांत्वन करायचं नाही, कारण विचारायचं नाही, 'देवाची इच्छा' तर अजिबात म्हणायचं नाही. त्याचं नाव घ्या. तो लहानपणी तुमच्या घरी येऊन काय खायचा, मुलीशी कशावरून भांडायचा, असलं काहीतरी सांगा. ज्या आईचं मूल असं जातं तिच्यासमोर लोक त्याचं नाव घ्यायचंच बंद करतात. मुलीला यायचं असेल तर तिला न्या, नसेल तर आग्रह नको. तापाच्या गोष्टीचं काय, असं मनात येईल. त्यांना ती धरून ठेवायची असेल तर ठेवू द्या. बाहेर काय सांगायचं हे त्यांनी ठरवायचं आहे, घरात मुलीशी काय बोलायचं हे तुम्ही.

सासूबाईंशी वाद घालू नका. 'अभद्र' म्हणतात त्यामागे भीतीच आहे, नातीबद्दलची. त्यांना एखादं काम द्या. नात क्लासहून आली की गरम काहीतरी पुढे ठेवायचं आणि ती खात असताना जवळ बसायचं, टीव्ही बंद करून. आजीला काही बोलावं लागणार नाही.

आणि यजमानांना पुस्तक वाचायला द्या. 'पुस्तक वाचून कुणी मरत नाही' म्हणणाऱ्याने ते वाचलेलं असावं, एवढी माझी अपेक्षा आहे. इंग्रजी सोपं आहे, गाडीत जाता-येता होईल. पहिली पन्नास-साठ पानं फार रेंगाळतात, ते मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथेच सोडून देतील.